अठरा पडले

बेसबॉल हा शब्द वाचून निम्मी मंडळी इथूनच परत फिरतील याची कल्पना आहे. थांबा जरा. बॅट, बॉल, मैदान यातलं काहीही या लेखात नाही. टेबल आहे, खेळाडूंची कार्डं आहेत, फासे आहेत आणि कागदावर पेन्सिलने धावा मांडणारी, बहुतेक करून पन्नाशी ओलांडलेली माणसं आहेत. या माणसांच्या स्पर्धांना मी गेली काही वर्षं जातो. वर्षातले दोन-तीन शनिवार-रविवार. घरी ही बातमी पोचल्यापासून नातेवाइकांत दोन तट पडलेत.

मावशीचं म्हणणं, "एवढा शिकून अमेरिकेत गेलास आणि फासे खेळतोस? धर्मराजाचं काय झालं विसरलास वाटतं!" मामाचं म्हणणं जरा वेगळं. "फाशांचाच खेळ ना? मग त्यात स्पर्धा कसली? ज्याचं नशीब त्याचा कप."

मावशीला उत्तर देणं सोपं आहे. एक तर पैसे लावत नाहीत. प्रवेश फी असते, ती हॉलच्या भाड्यात आणि कपात जाते. आणि मावशी, महाभारतात फासे फक्त धर्मराजाच्याच हातात नाहीत हो. वनपर्वात नळराजाची गोष्ट आहे. ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाकडे बघतो आणि पानं किती, फळं किती ते सांगतो. नळ रथ थांबवून मोजून बघतो तर आकडा बरोबर! मग अश्वविद्येच्या बदल्यात तो ऋतुपर्णाकडून फाशांची विद्या शिकतो आणि गेलेलं राज्य परत मिळवतो. म्हणजे अंदाज घेण्याची विद्या आणि फाशांची विद्या यांचा संबंध आपल्याकडे फार पूर्वी कुणाच्या तरी लक्षात आला होता. शकुनीचा भाग तेवढा सगळ्यांना पाठ.

मामाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांबलचक आहे. त्यासाठीच हा लेख.

शाळेत आपण सगळे बुक क्रिकेट खेळलोय. मागच्या बाकावर बसून भूगोलाचं पुस्तक उघडायचं, पानाचा शेवटचा आकडा म्हणजे धावा, शून्य आलं की आउट. त्या खेळाची एक गंमत (किंवा गोची) अशी की त्यात गावसकर आणि चंद्रशेखर सारखेच. पुस्तकाला काय माहीत कोण खेळतोय? मी वहीत संघ लिहायचो, गावसकरला सलामीला पाठवायचो आणि तो पहिल्याच पानाला शून्यावर जायचा. फार वाईट वाटायचं.

हेच दुःख न्यूयॉर्कजवळच्या एका मुलाला झालं. हॅल रिचमन त्याचं नाव. त्या काळी मिळणारे बेसबॉलचे घरगुती खेळ त्याला खरे वाटेनात, म्हणून त्याने लहानपणीच स्वतःचा खेळ रचायला घेतला. पुढे १९६१ साली तो 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' या नावाने बाजारात आला. धंदा सुरुवातीला चालेना. तेव्हा त्याने वडिलांकडून पैसे उसने घेतले, आणि अट अशी की बुडाला तर मुकाट्याने वडिलांच्या विम्याच्या धंद्यात यायचं. बुडाला नाही. त्याच्या आधी दहा वर्षं, १९५१ साली, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरमध्ये सेट्झ नावाच्या गृहस्थाने 'ॲपबा' काढला होता. या दोन खेळांच्या भक्तांत आपल्याकडच्या किशोर-रफीसारखी भांडणं चालतात. मी स्ट्रॅटवाला. ॲपबावाल्यांशी चहापाणी आहे, रोटीबेटी नाही :-)

खेळ असा. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड. त्या वर्षी तो प्रत्यक्षात कसा खेळला याचा हिशेब करून त्यावर आकडे छापलेले. तीन फासे एकदम टाकायचे. पांढऱ्या फाशावर १, २ किंवा ३ आलं तर बॅटरचं कार्ड बघायचं. ४, ५ किंवा ६ आलं तर पिचरचं. उरलेल्या दोन फाशांची बेरीज ही त्या रकान्यातली ओळ. तिथे जे लिहिलं असेल ते घडलं. म्हणजे साक्षात बेब रूथ जरी तुमच्याकडून खेळत असला, तरी निम्म्या वेळा त्याच्या कार्डाला काही किंमतच नाही. समोरच्या पिचरच्या कार्डावर काय छापलंय त्यावर सगळं. मला ही रचना फार आवडते. खऱ्या मैदानावरही असंच असणार ना... आपण कितीही थोर असलो तरी निम्मी गोष्ट समोरच्याच्या हातात.

फील्डिंगचे वेगळे आकडे असतात, १ म्हणजे उत्तम आणि ५ म्हणजे देवाची करणी. काही प्रश्नांचा निकाल वीस बाजूंच्या फाशाने लागतो. आणि बाकी सगळं, म्हणजे पिचर कधी बदलायचा, कुणाच्या जागी कोण, धावायचं की थांबायचं, हे तुम्ही ठरवायचं. कार्डं सगळ्यांसमोर उघडी असतात. लपवाछपवी काही नाही. पण निर्णय फासे टाकायच्या आधी मोठ्याने सांगायचा. हा नियम महत्त्वाचा. पडल्यावर "मी थांबणारच होतो" असं म्हणायची सोय नाही.

आता मागच्या स्पर्धेतला प्रसंग. हॉटेलच्या तळमजल्यावरचा हॉल, घडीची टेबलं, आणि अख्ख्या हॉलभर फाशांचा टपटप आवाज, पत्र्यावर पाऊस पडावा तसा. माझा संघ १९६९ चा बाल्टिमोर ओरिओल्स. त्या वर्षी १०९ सामने जिंकलेला, फक्त ५३ हरलेला. फ्रँक रॉबिन्सन, बूग पॉवेल यांची फटकेबाजी. तिसऱ्या बेसवर ब्रूक्स रॉबिन्सन, ज्याची त्या सालची सरासरी फक्त .२३४, पण त्याच्या बाजूला बॉल गेला की समोरचा माणूस आपणहून आउटची खूण करतो. समोर १९६९ चे न्यूयॉर्क मेट्स. हा तोच क्लब, जो १९६२ मध्ये पहिल्याच वर्षी १२० सामने हरून हास्यास्पद झाला होता. सात वर्षांनी याच मेट्सनी माझ्या ओरिओल्सना वर्ल्ड सिरीजमध्ये ४-१ असं हरवलं. सगळी अमेरिका तोंडात बोटं घालून बघत राहिली.

शेवटची इनिंग, मी एका रनने मागे. दोन आउट झालेले, माझा धावपटू दुसऱ्या बेसवर. बॅटरने एक साधा हिट मारला. प्रश्न असा की धावपटूला घरापर्यंत पाठवायचं की तिसऱ्या बेसवर थांबवायचं? त्याच्या कार्डावर १४. दोन आउट असतील तर २ वाढतात, समोरच्या फील्डरचा हात चांगला म्हणून १ कमी. झाले १५. वीस बाजूंच्या फाशावर १ ते १५ पडलं तर तो पोचला आणि सामना बरोबरीत. १६ ते २० पडलं तर खेळ खलास.

म्हणजे शंभरात पंच्याहत्तर. आणि थांबवला तर? तिसऱ्यावर एक, पहिल्यावर एक, आउट दोन. अशा जागेवरून निदान एक रन होण्याची शक्यता पावाच्या आसपास, अगदी थोडी जास्त. पाऊण विरुद्ध पाव. यात विचार करण्यासारखं काही नाही. मी म्हणालो, "पाठवतो."

अठरा पडले.

बाजूच्या टेबलावरचा एक जण मान वळवून म्हणाला, "थांबवायला हवं होतं." समोरच्या म्हाताऱ्याने, जो जिंकला होता त्याने, फासे गोळा करता करता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मीही पाठवला असता. दर वेळी."

मामा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन वाक्यांत आहे. बाजूच्याने निकाल बघून निर्णयाची किंमत ठरवली. समोरच्याने निर्णय बघितला. जिंकूनसुद्धा. स्पर्धांना जाऊन मला जे काही मिळालं असेल ते हे, की दुसऱ्या जातीची माणसं भेटली. ऑफिसात मला ती फार भेटत नाहीत. तिथे प्रोजेक्ट चाललं तर मॅनेजर द्रष्टा, बुडालं तर त्याला अक्कल नव्हती. दोन्ही वेळा त्याने तोच विचार, त्याच माहितीवर केलेला असू शकतो, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

"मग उत्तम निर्णय घेणारा जिंकतो का?" हा मामाचा पुढचा प्रश्न असणार. नाही. समजा दोघांत एक जण इतका सरस आहे की शंभरातले पंचावन्न सामने तो जिंकेल. या खेळात हा फरक लहान नाही. तरी सात सामन्यांची मालिका खेळवली तर तो ती शंभरात एकसष्ट वेळा जिंकतो. एकोणचाळीस वेळा कप दुसऱ्याच्या घरी. खऱ्या बेसबॉलचंही तेच. १९०६ मध्ये शिकागो कब्ज ११६ सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीज हरले. २००१ मध्ये सिअ‍ॅटल मरिनर्सही ११६ जिंकले, ते वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचलेसुद्धा नाहीत. तेव्हा दोन दिवसांच्या स्पर्धेत श्रेष्ठ कोण हे ठरत नाही. कप त्या दोन दिवसांचा असतो, बस्स. हे मान्य नसलेली माणसं दुसऱ्या वर्षी यायची बंद होतात.

ठरतं ते निराळंच काही. शनिवारी सकाळी सगळेच शहाणे असतात. रात्री दहा वाजता, आठवा सामना, पाठ दुखतेय, आणि दुपारी पंच्याहत्तर टक्क्यांवर अठरा पडून आपण हरलोय. आता पुन्हा तोच प्रश्न समोर आला. धावपटू दुसऱ्यावर, हिशेब करून तेच १५. या वेळी कितीतरी जण थांबवतात! "आज फासे माझ्यावर रुसलेत" म्हणतात. अहो, फासे प्लास्टिकचे. त्यांना दुपारचं काय आठवणार? आठवतं ते आपल्याला. मी बघितलेले चांगले खेळाडू असे की रात्री दहालाही, दुपारी भाजूनही, तोच निर्णय तेवढ्याच शांतपणे घेतात. याला मी कौशल्य म्हणतो, आणि ते फासे कमी केले तर दिसणारच नाही. बुद्धिबळात चाल चुकीची ठरली तर ती चुकीचीच होती. इथे बरोबर चाल खेळून हरण्याची सवय करावी लागते.

याची उलट बाजूही आहे, आणि ती आम्ही स्ट्रॅटवाले सोयीस्करपणे विसरतो. चुकीचा निर्णय घेऊन जिंकलेला माणूस कधी म्हणत नाही की फासे मेहेरबान होते. तेव्हा तो स्वतःला ओरिओल्सचा खरा मॅनेजर अर्ल वीव्हर समजायला लागतो.

आता जरा घरचं. हे वाचून काही जण रागावतील, पण लिहितो.

आमच्या दादाने नाशिककडे शेतात द्राक्षं लावली तेव्हा घाईघाईने काही केलं नव्हतं. पाणी तपासलं, माती तपासली, दोन वर्षं दुसऱ्यांच्या बागांत जाऊन छाटणीपासून काढणीपर्यंत बघितलं, अकरा एकरांतल्या चारच एकरांवर मांडव उभा केला, कर्ज तेवढ्यापुरतंच. २०१४ च्या मार्चमध्ये गारपीट झाली. नुसती त्याच्याकडे नाही, महाराष्ट्रात जिल्ह्याच्या जिल्हे झोपले. काढणीला आलेला माल चिखलात गेला. त्या दिवसापासून आपल्या घरात, प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक बाराव्या-तेराव्याला, एकच वाक्य ऐकतोय. "तरी आम्ही सांगत होतो."

काय सांगत होतात? गारा पडतील असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. "नोकरी बरी" एवढंच म्हणत होते सगळे. म्हणजे बाजूच्या टेबलावरचा तो माणूस!

मान्य आहे, आयुष्याला कार्ड नसतं. गारा किती वर्षांतून एकदा पडतात हे मांडवाच्या खांबावर छापलेलं नसतं, आणि हवामान तर हल्ली जुन्या हिशेबाने वागतच नाही. शिवाय सामना हरला तर मी वर जाऊन कॉफी पितो. दादाला कर्ज फेडायला सात वर्षं लागली. ही तुलना त्याच्यासमोर करायची माझी हिंमत नाही, म्हणून इथे लिहितोय. पण आता त्याची मुलगी आणखी दोन एकर वाढवायचं म्हणतेय, वर प्लास्टिकचं आच्छादन घालून. खर्च मांडून तिने वही तयार केलीय. मला फोटो पाठवले तिने पानांचे. आणि घरात वही उघडायच्या आधीच पहिलं वाक्य आलं, "२०१४ आठवतंय ना?"

आठवतंय. पण वही वाचा की! तिच्या आकड्यांत खोट असेल तर ती दाखवा. आच्छादनाचा खर्च तिने कमी धरलाय असं मला स्वतःला वाटतं, आणि तसं मी तिला कळवलंय. भांडायचं तर त्या पानावर भांडू.

असो. जानेवारीत येतोय. खेळाचा डबा बरोबर आणणार आहे. मामा, तुम्ही मेट्स घ्या, मी ओरिओल्स घेतो. सात सामने. धावा मांडायला मावशी.