राबाला एस्पेरांतोत काय म्हणायचं?

गेली दोन वर्षं मी जव्हारच्या माझ्या खोलीत, रात्रीच्या जेवणानंतर एस्पेरांतो शिकतो आहे. गुरू नाही, वर्ग नाही. 'लेर्नू' या मोफत संकेतस्थळावरचे धडे संपले, तेव्हा मी स्वतःच धडे आखले. रोज दहा मराठी वाक्यं घ्यायची आणि एस्पेरांतोत आणायची. "याचा उपयोग काय?" असं दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. उपयोग सांगतो, पण तो ऐकायला गोड नाही.

वॉर्साच्या लुडविक झामेनहॉफ या डोळ्यांच्या डॉक्टरनं ही भाषा रचून १८८७ साली जगापुढे ठेवली. पहिल्या पुस्तिकेत १६ नियम आणि सुमारे ९०० मूळ शब्द. एवढ्या भांडवलावर सुरुवात करून १८९४ मध्ये त्यानं 'हॅम्लेट'चं भाषांतर छापलंसुद्धा. भाषा समृद्ध होईल, मग भाषांतर करू, असं म्हणत तो बसला नाही. भाषांतरं होत गेली, तशी भाषा वाढली.

माझं घोडं अडलं ते एका साध्या वाक्यावर : 'पावसाआधी आम्ही राब भाजतो.' वाफ्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळायचं आणि त्या राखेत नागली-वरईचं रोप धरायचं, हा राब. कोशात शब्द मिळाला नाही. मग 'त्सिन्द्रो' म्हणजे राख आणि 'बेदो' म्हणजे वाफा, हे दोन जोडून 'त्सिन्द्रोबेदो' केला. कुणाची परवानगी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मोखाड्याकडच्या माझ्या शाळेत फळ्यापुढे उभा राहिलो आणि लाज वाटली. समोर वारली बोलणारी मुलं. एका टेबलावर जन्मलेल्या भाषेत मी शेकडो वाक्यं नेली होती. या मुलांच्या भाषेत इतक्या वर्षांत एकही नाही. का? तर ती 'बोली' आहे, तिच्यात शब्द नाहीत, असं मी ऐकत आलो आणि मानत आलो.

हे खोटं आहे. शब्द नसणं ही अडचण असती, तर एस्पेरांतो पहिल्याच वर्षी मेली असती. आणि आपली प्रमाण मराठी तरी कुठं आपोआप उगवली? मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. त्यानंतर पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांनी, भाषाशुद्धीवाल्यांनी, परिभाषा समित्यांनी ती घडवली. हजेरीपटावर मी रोज लिहितो तो 'दिनांक'ही असाच कुणीतरी रुजवलेला. आपण घडवली की ती भाषा, आणि वारल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बोलली की ती बोली, हा न्याय कुठला?

"पण मुलांना पुढं मराठीच लागणार ना?" लागणारच. मराठी काढा असं मी म्हणतच नाही. मी म्हणतो, मराठीपर्यंत यायला साकव बांधा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही मातृभाषेतून शिकवण्याची गोष्ट आहे, फक्त 'शक्य असेल तोवर' या शब्दांसह. त्या शब्दांआड आपण सगळे आरामात बसलो आहोत, मीही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा मीही पेढे वाटले. दिल्लीकडून मान मागणाऱ्यांनी आपल्या ओसरीवरच्या भाषेला काय दिलं, हे तेव्हा सुचलं नाही.

आता वहीला दुसरा रकाना आहे. एस्पेरांतोत नेलेलं प्रत्येक वाक्य मी वर्गात वारलीत म्हणून बघतो. पहिल्या दिवशी पोरं खदखदून हसली. मग दुरुस्त करू लागली. मग दोन पाड्यांच्या पोरांत नेमका शब्द कुठला यावरून वाद जुंपला. वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी त्या वादात सगळ्यांत मोठ्यानं बोलत होती.

भाषांतरकार मित्रहो, तुम्ही जपानीतून, स्पॅनिशमधून मराठीत आणता, ते जरूर आणा. पण मराठीतून वारलीत, कातकरीत, कोकणीत न्यायला कधी बसणार? शब्द कमी पडले तर त्या मुलीला विचारा.