डिझाईनच्या खोलीला आधी एक माग द्या

भिवंडी-मालेगावच्या कापड धंद्यात अलीकडे एक चांगली गोष्ट दिसू लागली आहे. पंचवीस-तीस मागांचे कारखानदारसुद्धा आपल्या गाळ्यावर पगारी डिझायनर ठेवू लागले आहेत. कुठे पुतण्या कॉम्प्युटर शिकून आलेला असतो, कुठे बिरादरीतील एखादी मुलगी टेक्स्टाईल डिझाईनचा डिप्लोमा घेऊन आलेली असते. परंतु वर्ष-दीड वर्षाने त्याच गाळ्यावर जावे तर कॉम्प्युटरवर फडके टाकलेले असते आणि सेठ सांगतात, "आपल्या धंद्यात डिझायनर चालत नाही." माझे मत असे आहे की डिझायनर चालतो; त्याच्याकडून काम घेण्याची आपली पद्धत चालत नाही.

हा शौकाचा नव्हे, मजुरीचा प्रश्न आहे. आपल्यापैकी बरेच यंत्रमागधारक जॉबवर माग चालवितात. सूत व्यापाऱ्याचे, कापडही त्याचेच. आपला फक्त माग, वीज आणि कारीगर. मजुरी पिकामागे पैशांत ठरते. बाजार मंद झाला की पहिली कात्री याच पैशांवर चालते, कारण तेच ग्रे कापड शेजारचा गाळाही विणू शकतो. जो नमुना फक्त आपल्याकडे मिळतो त्याचा भाव मात्र आपण सांगतो. मुंबईच्या मोठ्या गिरण्यांना हे ठाऊक होते, म्हणून त्यांच्याकडे डिझाईनचे वेगळे खाते असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर विणकामाचा मोठा भाग भिवंडीकडे वळला. काम आले, डिझाईनचे खाते आले नाही.

वास्तविक हा हुनर आपल्याला परका नाही. बनारसचे नक्शबंद पिढ्यानपिढ्या मुसलमान कारीगर होते. ते कागदावर चित्र काढून थांबत नसत. दोऱ्यांत दोरे अडकवून नक्शा बांधीत आणि तोच नक्शा मागावर चढे. म्हणजे नक्शबंदाला ताण्याचा हिशेब यावाच लागे. आपण आज काय करतो? डिझायनरला वरच्या मजल्यावर एसी केबिनमध्ये बसवितो, माग खाली धडधडत असतात, आणि महिनोन् महिने दोघांची गाठ पडत नाही. सकाळी सुरतेच्या साडीचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो. सेठ म्हणतात, हुबेहूब असेच पाहिजे, फक्त बुट्टी जरा मोठी कर. ही नक्कल झाली. नक्कलच करावयाची असेल तर पगारी माणूस कशाला? बाजारात पंचिंगवाले जॉबवर ते काम करून देतात.

डिझायनरला सर्वांत आधी काय द्यावे, तर सॅम्पलसाठी एक माग. याचे कारण थोडे विस्ताराने सांगतो. समजा जॅकार्डला २४० हुक आहेत, नक्षीच्या एका फेऱ्यात एका हुकाला एक धागा आहे आणि कापडात इंचाला ताण्याचे ८० धागे आहेत. मग नक्षी रुंदीला ३ इंचांत संपते आणि पुन्हा सुरू होते. उंचीचा हिशेब पंचकार्डाचा आहे, एका पिकाला एक कार्ड. इंचाला ६० पिक धरले आणि नक्षी ८ इंच उंच हवी असली तर ४८० कार्डे लागतात. १९८३ साली मिलानच्या यंत्र प्रदर्शनात इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले तेव्हापासून कार्डांचा खर्च टळला, पण हुकांची मर्यादा तशीच राहिली. पडद्यावर वेल कितीही पसरते, मागावर तिला ३ इंचांतच वळावे लागते. दुसरे असे की, पडद्यावर भरगच्च दिसणाऱ्या फुलाचे धागे कापडावर लांब मोकळे राहिले तर ते बांगडीत अडकतात आणि माल परत येतो. आता तर कॉम्प्युटर मिनिटाभरात शंभर चित्रे काढून देतो. खुशाल घ्यावीत. पण कोणते चित्र कोणत्या मागावर बसेल हे मागावर चढवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

यावर कारखानदार म्हणतात की माग रिकामा ठेवला तर रोजची मजुरी बुडते. ही अडचण खरी आहे. पण त्यासाठी चालू माग थांबवावयास नको. एखादा जुना, कमी पन्ह्याचा माग पुरतो; ताण्याची घनता आणि जॅकार्ड मात्र नेहमीच्या मागासारखेच हवे. आणि त्या दिवशी कारीगराला पिकावर ठेवू नये, पूर्ण रोज द्यावा. पिकावर मजुरी घेणारा कारीगर दर तासाला माग थांबविणाऱ्या डिझायनरकडे दुश्मनासारखा पाहतो, आणि त्याचे काही चुकत नाही. रोज मिळाला की तोच कारीगर सांगू लागतो की येथे धागा तुटेल, येथे बाणा बदला.

सरकारने हे फार पूर्वी ओळखले होते. १९५६ पासून विणकर सेवा केंद्रे निघाली, त्यांत चित्रकार आणि विणकर एकाच छपराखाली आणले गेले. 'कोरा कॅनव्हास' लिहिणारे मराठी चित्रकार प्रभाकर बरवे १९६१ ते १९६५ वाराणसीच्या केंद्रात होते. एवढ्या मोठ्या चित्रकाराला विणकरांत बसावयास कमीपणा वाटला नाही, आणि आपल्या डिझायनरला खाली उतरावयास जिना आड येतो!

दुसरे दुखणे हुकूम देणाऱ्यांचे. अब्बा सांगतात पदर भरगच्च कर. भाईजान सांगतात सूत वाचव. दलाल येतो आणि तिसराच रंग दाखवितो. बिचारा पोरगा तिघांनाही 'जी' म्हणतो आणि कोणाचेच काम पुरे होत नाही. घरात एकानेच डिझाईनचे काम सांगावे आणि ते वहीत लिहून द्यावे: कोणत्या बाजारासाठी, मीटरला किती भावात, कोणते सूत, कोणता माग, कोणती तारीख. एवढे लिहिता येत नसेल तर आपल्यालाच काय पाहिजे ते ठरलेले नाही, असे समजावे. आणि "आज किती डिझाईन काढले?" हा सवाल बंद करावा.

खरा हिशेब दुसऱ्या ऑर्डरचा. पहिली ऑर्डर दलालाच्या जिभेवर मिळते, दुसरी कापडावर. म्हणून प्रत्येक नमुन्याचा तुकडा वहीत चिकटवून त्याखाली सूत, फणी, पिक, किती मीटर गेले, किती परत आले आणि पुन्हा मागणी आली की नाही हे लिहावे. ही वही डिझायनरसमोर उघडी असावी. आपण विक्रीचे आकडे त्याच्यापासून झाकून ठेवतो आणि बाजाराची समज नाही म्हणून त्यालाच बोल लावतो. पगाराशिवाय काही द्यावयाचे झाल्यास दुसऱ्या ऑर्डरीपासून मीटरमागे थोडे द्यावे. नाहीतर हाताखाली तयार झालेला मुलगा दोन-चार हजार रुपयांसाठी दुसऱ्याच्या गाळ्यावर जातो.

खोली वाढवावयाची तर दुसरा कलाकार लगेच आणू नये. दुसरा माणूस ग्राफ व पंचिंग करणारा आणि वही सांभाळणारा असावा. बाहेरची डिझाईनची कामेही, आपले माग आपल्या नमुन्यांवर भरेपर्यंत, घेऊ नयेत. शेजाऱ्याचे काम घेतले की आपल्या नमुन्यांची बातमीही शेजारी जाते.

नोंदणीविषयी थोडक्यात. डिझाईन कायदा २००० प्रमाणे नोंदणी केलेल्या डिझाईनला १० वर्षे आणि पुढे ५ वर्षे संरक्षण मिळते. पण अर्ज बाजारात नमुना दाखविण्यापूर्वी करावा लागतो. नोंदणी न करता पन्नासपेक्षा जास्त नगांवर ते डिझाईन काढले की कॉपीराईटचा आधारही जातो. प्रत्येक बुट्टीसाठी हा खटाटोप नको. दोन हंगाम चालेल असे वाटते त्याच नमुन्यासाठी करावा.

आपल्या मुली हे शिक्षण घेत आहेत, पण मागांच्या गर्दीत त्यांना पाठवावयास पालक कचरतात. सॅम्पलचा माग डिझाईनच्याच खोलीत बसविला तर हा प्रश्न बराच सुटतो. खोली तळमजल्याची घ्यावी. जॅकार्ड मागाच्या डोक्यावर बसते, तेव्हा भाडे ठरविण्यापूर्वी छताची उंची मोजून घ्यावी.