स्वभाव अनेक, कार्य एक




यंदाची स्मरणिका आपल्या हाती देताना आम्हांस आनंद होत आहे. परंतु या आनंदात एक सलही आहे. अनेक वर्षे आपल्या संस्थेचा हिशेब चोख सांभाळणारे आमचे एक सहकारी यंदा कार्यकारिणीत नाहीत. जयंतीच्या खर्चाची प्रत्येक पावती ते मागत. प्रत्येक ठराव लेखी असावा, असा आग्रह धरीत. आम्ही त्यांना ‘कामात खोडा घालणारे’ म्हटले. एका बैठकीनंतर ते येईनासे झाले. ते आमचे विरोधक नव्हते, त्यांचा स्वभाव तेवढा आमच्याहून निराळा होता, हे आमच्या फार उशिरा ध्यानी आले. म्हणूनच हे संपादकीय.

हे दुखणे जुने आहे. भगवान बुद्धांच्या हयातीतच कौशांबी येथे संघ दुभंगला होता. धम्मपदाच्या अट्ठकथेत ही हकीकत आहे. एक भिक्खू धम्म सांगण्यात निपुण होता, तर दुसरा विनयात, म्हणजे संघाच्या नियमांत, पारंगत होता. पहिल्याकडून शौचालयातील भांड्यात पाणी शिल्लक राहिले. दुसऱ्याने नियम दाखविला. पण ‘अजाणता घडले असेल तर दोष नाही’, असेही सांगितले. पुढे आपल्या शिष्यांजवळ मात्र तो निराळेच बोलला. शिष्यांनी शिष्यांना डिवचले आणि पाहता पाहता उपासकांतही दोन तट पडले. तथागतांनी समजावूनही कोणी ऐकेना, तेव्हा ते एकटेच पारिलेय्यक वनात वर्षावासासाठी निघून गेले. निमित्त भांडेभर पाण्याचे. परंतु एका बाजूस वक्ता होता आणि दुसऱ्या बाजूस नियमज्ञ. आपल्या कोणत्या मंडळात ही जोडी नाही?

पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत रचलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात मनुष्यस्वभावाचे सहा प्रकार सांगितले आहेत: राग, द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी आणि वितर्क. येथे राग म्हणजे आसक्ती. भिक्खू झाडू कसा मारतो, यावरूनही त्याचा स्वभाव ओळखता येतो, असे त्यात म्हटले आहे. एक जण झाडू नीट धरून, घाई न करता, सारखे झाडतो; दुसरा तो घट्ट आवळून, घाईने, खरखर आवाज करीत झाडतो. ज्याचा जसा स्वभाव, तशी त्याला ध्यानसाधना द्यावी, असा या वर्गीकरणाचा हेतू आहे. त्यातील एक विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. द्वेषप्रधान आणि बुद्धिप्रधान स्वभाव तेथे परस्परांचे सोयरे मानले आहेत. कारण दोघांचीही नजर दोषांवर असते. द्वेष नसलेले दोष शोधतो, बुद्धी असलेले दोष शोधते. आमच्या सहकाऱ्यांची नजर यांपैकी कोणती, हे पारखण्याचे कष्ट आम्ही घेतले नाहीत.

आधुनिक काळात कार्ल युंग यांनी १९२१ साली अंतर्मुख आणि बहिर्मुख हे प्रकार मांडले. पुढे प्रश्नावली भरून घेऊन माणसाला चार अक्षरांत बसविण्याची प्रथा कचेऱ्यांतून रूढ झाली. परंतु तीच प्रश्नावली काही आठवड्यांनी पुन्हा भरली, तर पुष्कळांचा ‘प्रकार’ बदलतो! आपण सावध राहावे, याला याहूनही मोठे कारण आहे. माणसांना कप्प्यांत बंद करण्याचे परिणाम आपल्या पिढ्यान् पिढ्यांनी भोगले आहेत. १९३६ सालच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये गुणांवर आधारलेल्या चातुर्वर्ण्याचा समाचार घेताना बाबासाहेबांनी प्लेटोच्या तीन वर्गांवरही आक्षेप घेतला आहे. प्रत्येक व्यक्ती अनन्य असते, हे प्लेटोला उमगले नव्हते, असा त्या आक्षेपाचा आशय आहे. तेव्हा स्वभाव ओळखावा तो कामे वाटण्यासाठी आणि सहन करण्यासाठी. कोणाच्या कपाळी शिक्का मारण्यासाठी नव्हे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी श्रेयाची वाटणी कशी केली, ते पाहावे. कच्चा मसुदा तयार करणारे बी. एन. राव आणि गुंतागुंतीचे प्रस्ताव सुबोध कायदेशीर भाषेत उतरविणारे एस. एन. मुखर्जी यांचा त्यांनी गौरव केला. त्याचबरोबर पक्षशिस्तीला न जुमानता हरकती घेणारे ह. वि. कामत, डॉ. पंजाबराव देशमुख, प्रा. के. टी. शाह, पं. कुंझरू आदींचेही त्यांनी ऋण मानले. सूचना स्वीकारता आल्या नाहीत म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही, हेही स्पष्ट केले. आम्हांस एका पावतीचा आग्रह सोसला नाही!

आमच्या वैद्यकीय व्यवसायाने हा धडा अलीकडे गिरविला. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक तपासयादी दिली. शस्त्र लावण्यापूर्वी उपस्थित प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे, अशी त्यात तरतूद आहे. आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यानंतर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. या यादीने शल्यविशारदाचा तापट स्वभाव पालटत नाही. परंतु अबोल परिचारिकेला बोलण्याची हक्काची वेळ मिळते.

आपणही एवढे करू या. विषयपत्रिका आठ दिवस आधी लेखी द्यावी. बैठकीत जे कमी बोलतात, त्यांना प्रथम विचारावे. हरकत घेणाऱ्याची हरकत इतिवृत्तात आदराने नोंदवावी.

स्मरणिका छपाईस जाण्यापूर्वी आम्ही त्या सहकाऱ्यांच्या घरी गेलो आणि दिलगिरी व्यक्त केली. पुन्हा येण्याचे त्यांनी कबूल केले नाही. मात्र यंदाचा जमाखर्च तपासण्यासाठी ठेवून घेतला. त्यात त्यांना दोन चुका सापडल्या. त्या दुरुस्त करूनच तो शेवटच्या पानावर छापला आहे.

जयभीम! जय भारत!

— संपादक