झडप देशी, सूचना परक्या

हृदयाची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया टाके सुकले की संपली, असा एक सोयीस्कर समज आपल्याकडे रूढ आहे. वास्तविक यांत्रिक झडप बसवलेल्या माणसाचे उपचार घरी गेल्यावर सुरू होतात आणि जन्मभर चालतात. ते करणारा वैद्य म्हणजे रुग्ण स्वतःच. त्याला हे शिकवणे हा शस्त्रक्रियेचाच उत्तरार्ध होय. आणि हा उत्तरार्ध बहुतेक ठिकाणी इंग्रजीत छापलेल्या डिस्चार्ज कार्डावर उरकला जातो, ही आमची तक्रार आहे.

शिकवायचे काय असते, ते आधी पाहू. झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉरफॅरिन किंवा अ‍ॅसेनोकुमरॉल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी लागते. मात्रा कमी पडली तर झडप अडकते किंवा पक्षाघात होतो. जास्त झाली तर हिरड्यांतून, लघवीतून, प्रसंगी मेंदूत रक्तस्राव होतो. या दोन संकटांमधली वाट आयएनआर या रक्ततपासणीने कळते. सामान्यतः महाधमनीच्या झडपेसाठी हा आकडा २ ते ३ आणि मायट्रल झडपेसाठी २.५ ते ३.५ ठेवतात. एक गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नसतात. अंग दुखले म्हणून दुकानातून परस्पर वेदनाशामक आणायचे नसते. दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला झडपेविषयी सांगून प्रतिजैविक घ्यायचे असते आणि ताप अंगावर काढायचा नसतो, कारण जंतुसंसर्ग थेट झडपेवर बसू शकतो. इतक्या अरुंद वाटेवरून माणसाला आयुष्यभर चालायला सांगायचे आणि वाटेच्या खुणा त्याला न वाचता येणाऱ्या भाषेत लिहायच्या, याला उपचार म्हणावे काय?

घणसोली गावाचेच उदाहरण घेऊ. ठाणे खाडीकाठचे हे आगरी-कोळ्यांचे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ज्या गावांच्या जमिनी गेल्या त्यांत हेही होते. आज गावठाणात भाडेकरूंच्या खोल्या आहेत, शेजारी माथाडी कामगारांची वसाहत आहे. या वस्तीतल्या रुग्णाला ‘अव्हॉइड हेवी लिफ्टिंग’ या तीन शब्दांतून काय उमगावे? छातीचे कापलेले हाड सांधायला सहा ते आठ आठवडे, कधी अधिकही लागतात. तोवर भरलेली कळशी, मासळीची पाटी, कडेवर यायला हट्ट करणारे नातवंड यांतले काहीच उचलायचे नाही, असे सांगावे लागते. बाजार समितीत पोती वाहणाऱ्याला तर कामावर परत कधी जायचे, आणि मुळात जायचे की नाही, हे विचारायचे असते. तीन शब्दांत त्याच्या पोटाच्या प्रश्नाला जागाच नाही.

आहाराचेही तेच. ‘हिरव्या भाज्या टाळा’ असा सल्ला सर्रास ऐकू येतो, आणि तो अपुरा आहे. पालेभाज्यांतले के जीवनसत्त्व गोळीचा परिणाम कमी करते, म्हणून त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवायचे असते. त्या सोडून द्यायच्या नसतात. वर्षभर मासळी खाणारे घर श्रावणात एकाएकी अळू, माठ, टाकळ्यावर येते, तेव्हा आयएनआर खाली उतरू शकतो. बाहेरून उतरवलेल्या पत्रकात श्रावण नसतो.

बायकांच्या बाबतीत तर भाषेआधी मौनच आडवे येते. लहानपणीच्या घशाच्या संसर्गातून होणारा संधिवाताचा ताप आपल्याकडे अजूनही तरुण वयात झडपा निकामी करतो. अशा तरुणीला सूचना मिळतात त्या नवऱ्यामार्फत किंवा सासूमार्फत. वॉरफॅरिनमुळे गर्भाला, विशेषतः पहिल्या तिमाहीत, अपाय होऊ शकतो, आणि भीतीने गोळी परस्पर बंद केली तर तिचाच जीव जाऊ शकतो. म्हणून दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलायचे, हे तिला समोर बसवून सांगितले पाहिजे.

यावर ठरलेले उत्तर असे, की अशिक्षित माणसांना आकडे कळत नाहीत. ज्या कोळ्याला तिथीवरून उधाणाची आणि भांगाची भरती सांगता येते, त्याला दोन आणि साडेतीन यांतला फरक कळणार नाही? दुसरे उत्तर, डॉक्टरांना वेळ नाही. मान्य, मग हे काम प्रशिक्षित परिचारिकेकडे अधिकृतपणे सोपवा, तिच्या कामाच्या तासांत ते मोजा. तिसरे उत्तर, मराठीत परिभाषा नाही. शासनाचे परिभाषा कोश आहेत, पण इथे त्यांचीही गरज नाही. ‘प्रतिक्लथक’ म्हणून कोणाचे भले होणार नाही; ‘रक्त पातळ करायची गोळी’ हा शब्दप्रयोग लोकांनी केव्हाच घडवला आहे.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली घडलेली झडप १९९० साली प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवली गेली. महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेल्या आणि आता महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या योजनेत ही शस्त्रक्रिया गरिबाच्याही आवाक्यात आली. झडप देशी झाली, खर्चाची सोय झाली. कागद मात्र तसाच राहिला. राजभाषा अधिनियम १९६४चा, अभिजात दर्जा २०२४चा. या दोहोंचा अर्थ घणसोलीच्या रुग्णाच्या उशाशी असलेल्या कागदावर उमटत नसेल, तर तो सोहळ्यापुरताच.

आमची मागणी लहान आहे. ठळक अक्षरांत मराठी पत्रक द्या, आणि पत्रकावर थांबू नका. वर्गात शिकवणारा कोणीही सांगेल, की ‘समजले का?’ या प्रश्नाला सगळेच मान डोलावतात. म्हणून घरी सोडण्यापूर्वी रुग्णालाच विचारा: गोळी कोणती, किती वाजता? चुकली तर काय करायचे? रक्त आले तर कुठे जायचे? पुढची तपासणी कधी? त्याने आपल्या आगरीत, आपल्या साताऱ्याच्या बोलीत ते सांगितले, की मगच डिस्चार्ज कार्डावर सही करा.