बॅटरीला चार्जर कुठला घ्यावा?

गेल्या साली आमच्या मक्यात रानडुकरे शिरली. झटका मशीन ठणठणीत होते, पण त्याची बॅटरी मेली होती. आणि ती मारली आम्हीच.

झाले असे. आधी ट्रॅक्टरची जुनी बॅटरी काढून कुंपणाला जोडली. ती महिना-दीड महिन्यात बसली. ट्रॅक्टरचा सेल्फ मारायला क्षणभरच, पण जबर करंट लागतो. म्हणून तिच्यात पातळ प्लेटा पुष्कळ असतात, आणि एंजिन सुरू झाले की खर्चलेले लगेच भरून निघते. झटका मशीन किंवा घरचा इन्व्हर्टर यांचे तसे नाही. त्यांना करंट बेताचा, पण तासन्‌तास लागतो. बॅटरी निम्म्यापर्यंत उतरते, पुन्हा भरावी लागते, पुन्हा उतरते. त्यासाठी जाड प्लेटांची ट्युब्युलर बॅटरी हवी. कोकणात मासेमारीच्या होडीवरही जाणता मालक एंजिनाची बॅटरी वेगळी ठेवतो आणि दिव्यांची, मासे शोधण्याच्या यंत्राची वेगळी.

हे कळल्यावर 12 व्होल्टची, 100 एएचची नवी ट्युब्युलर बॅटरी आणली. तिथवर शहाणपणा केला! चार्जर मात्र उसना आणला. जुन्या धर्तीचा, नुसता ट्रान्सफॉर्मर आणि डायोड असलेला. शनिवारी संध्याकाळी बॅटरी लावली, लग्नाला गेलो, सोमवारी आलो. बॅटरीतले पाणी उकळून गेले होते, प्लेटा उघड्या पडल्या होत्या आणि खोलीत ॲसिडचा वास दाटला होता.

असल्या चार्जरला बॅटरी भरली की नाही हे कळत नाही. तो करंट ढकलतच राहतो आणि भरलेल्या बॅटरीत पाण्याचा वायू होऊन जातो. नव्या चांगल्या चार्जरचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात पूर्ण करंटने भराभर भरतो. व्होल्टेज 14.4 च्या आसपास आले की ते तिथेच धरतो आणि करंट हळूहळू कमी होऊ देतो. शेवटी साडेतेराच्या आसपास उतरून नुसती राखण करतो. दुकानात विचारायचे ते एवढेच, की भरल्यावर हा आपोआप खाली उतरतो का? ‘लाल दिवा जाऊन हिरवा लागतो’ या उत्तरावर समाधान मानू नका. दिवा बदलला म्हणजे करंट कमी झालाच असे नाही.

दुसरा प्रश्न चार्जर किती अॅम्पिअरचा. साधारण हिशेब बॅटरीच्या दहाव्या हिश्शाचा. 100 एएचला 10 अॅम्पिअर, 150 ला 15. निम्मी उतरलेली 100 एएचची बॅटरी म्हणजे 50 भरायचे. दहाने भागले तर पाच तास. पण शेवटचा भाग सावकाश भरतो, म्हणून सात-आठ तास धरा. तुमच्या गावात वीज सलग किती तास टिकते ते पाहूनच घ्या.

मोटारसायकलचा दोन अॅम्पिअरचा चार्जर स्वस्त पडतो म्हणून पुष्कळजण तोच लावतात. त्याने मोठी बॅटरी वेळेत भरतच नाही. सदा अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर पांढरा थर धरतो, तो पुढे घट्ट होतो आणि बॅटरी करंट धरीनाशी होते. जास्त भरून मरणाऱ्या बॅटरीपेक्षा अशी उपाशी मरणारी आम्ही अधिक पाहिल्या आहेत.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्यातच चार्जर असतो. पुष्कळ इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचे बटण असते. बॅटरी बदलली की ते पाहायचे राहून जाते, तेवढे आजच पाहा. सीलबंद बॅटरीला व्होल्टेज थोडे कमी लागते, कारण तिच्यात पाणी घालायची सोयच नाही. लिथियमची बॅटरी घेतली तर चार्जरही लिथियमचाच. शिशाच्या बॅटरीचा तिला लावू नये.

बॅटरी भरली की नाही हे घरच्या घरी पाहता येते. चार्जर काढून काही तास थांबा आणि मल्टिमीटर लावा. 12.6 किंवा थोडे वर दाखवले तर भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. त्याखाली जाऊ देऊ नका. आमच्याकडे हे काम आता कारभारणीकडे आहे. काटा पाहिल्याशिवाय ती बॅटरी शेतावर जाऊ देत नाही.

चार्जिंग करताना खिडकी उघडी ठेवा, जवळ बिडी-काडी नको; निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेतो. आधी चिमटे लावा, मग बटण चालू करा; काढताना आधी बटण बंद. पाणी डिस्टिल्डच, आणि ते बॅटरी भरल्यावर घालायचे. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढे आधी घाला. ॲसिड कधीही वरून ओतू नका. अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

आमची मेलेली बॅटरी दुकानदाराने परत घेतली आणि नवीच्या किमतीतून पैसे वजा केले. तुमचीही तशीच द्या. शिसे काढायला अंगणात फोडत बसू नका, तिथे पोरे खेळतात.