कांचेची पेटी कीं परसांतील हौद?

गेल्या पंधरवड्यांत एका वाचकभगिनींचें पत्र आमच्या हातीं आलें. त्यांचा वाडा येथलाच, वाईचा. माणसें सोळा, पिढ्या तीन. धाकट्या दिरांचा मुलगा वार्षिक परीक्षेंत चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाला, तर त्यास एखादा जिवंत प्राणी घेऊन देण्याचें वचन वडील मंडळींनीं दिलें होतें. कुत्र्यास सासूबाईंच्या सोंवळ्याची अडचण, मांजरास दूधदुभत्याची. म्हणून दिवाणखान्यांत एक शोभिवंत कांचेची पेटी मांडावी व तींत कांसव, बेडूक किंवा सरड्याच्या कुळांतला एखादा प्राणी ठेवावा, असें ठरलें. ‘भावोजी म्हणतात, कांसव घ्या, त्यानें घरांत लक्ष्मी नांदते. मुलाला सरडा हवा. मामंजी कांहींच बोलत नाहींत. यांतला कोणता निवडावा हें आपणच सांगावें,’ असें त्या लिहितात.

उत्तर देण्यापूर्वीं आमच्याच घरची एक गोष्ट सांगणें आम्हांस प्राप्त आहे. ती लपवून उपदेश करणें शोभणार नाहीं. बऱ्याच वर्षांपूर्वीं आमच्या घरीं पुण्याहून एक कांसव आलें. रुपयाच्या नाण्याहून थोडें मोठें, हिरवेंगार, डोळ्यांमागें दोन्ही बाजूंस तांबडा पट्टा. विकणारानें सांगितलें कीं तें एवढेंच राहतें. मुलांनीं हौसेनें त्याचें बारसें केलें. वर्षभरांत तें तळहाताएवढें झालें आणि चौथ्या वर्षीं ताटलीएवढें. पाणी वरचेवर बदलावें लागे. नाहीं तर दिवाणखान्यांत बसवत नसे. पुढें मुलें शिक्षणासाठीं बाहेरगांवीं गेलीं आणि तें काम, घरांतील ज्या बाईचा त्या हौसेशीं कांहीं संबंध नव्हता, तिच्या गळ्यांत पडलें. अखेर एके संध्याकाळीं आम्हीं तें कांसव टोपलींत घालून कृष्णेच्या घाटावर नेलें आणि पाण्यांत सोडून दिलें. एक जीव मोकळा केला, पुण्य लागलें, अशी आमची समजूत. हातपाय धुऊन ढोल्या गणपतीचें दर्शनही घेतलें.

तें पुण्य नव्हतें, हें आम्हांस मागाहून कळलें. हें तांबड्या कानाचें कांसव मूळचें अमेरिकेंतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांतलें. पूर्ण वाढलेली मादी जवळजवळ फूटभर लांब होते आणि हा प्राणी तीस वर्षेंही जगतो. नवीन पाण्यांत सोडल्यास तेथील मूळच्या कांसवांचें अन्न आणि उन्हांत बसण्याच्या जागा तो बळकावतो. म्हणूनच जगांतील अत्यंत उपद्रवी अशा शंभर परकीय जीवांच्या यादींत त्याचें नांव आहे. त्याच्या अंगावरून साल्मोनेला नांवाचे जंतू लहान मुलांच्या पोटांत जातात, या कारणानें खुद्द अमेरिकेनेंच चार इंचांहून लहान कांसवांची विक्री १९७५ सालीं बंद केली. इकडे दख्खनच्या नद्यांतून लीथचें मऊ पाठीचें कांसव राहतें. तें द्वीपकल्पीय भारतावांचून जगांत अन्यत्र कोठेंही नाहीं, आणि आज तें अतिसंकटग्रस्त गणलें जातें. आम्हीं सोडलेल्या परक्यानें त्याच्या तोंडचा घास घेतला कीं नाहीं, हें कृष्णाबाईलाच ठाऊक. पण तो घांस धोक्यांत घालण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, एवढें खास.

आतां प्रस्तुत प्रश्नाकडे वळूं. पहिली गोष्ट ही कीं, आपल्या देशांतील रानटी कांसवें, घोरपडी, अजगर इत्यादि प्राणी घरीं पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंदी आहे. ज्याच्या पाठीवर पिवळ्या चांदण्या उमटलेल्या असतात तें ‘स्टार’ कांसव लक्ष्मीच्या नांवाखालीं चोरून विकलें जातें. या व्यापारानें त्याचा इतका संहार झाला कीं, २०१९ सालीं जिनिव्हा येथें भरलेल्या राष्ट्रांच्या परिषदेनें त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्णपणें निषिद्ध ठरविला. जी लक्ष्मी पोत्यांत कोंबून, पाण्यावांचून, शेंकडो मैलांवरून आणावी लागते, ती कोणत्या घरांत सुखानें नांदेल, याचा विचार भावोजींनींच करावा.

मग परदेशी प्राणी तरी घ्यावा काय? कायदा त्यास सरसकट नाहीं म्हणत नाहीं. परंतु २०२२ सालीं दुरुस्त झालेला कायदा व २०२४ चे नियम यांप्रमाणें, आंतरराष्ट्रीय कराराच्या यादींतील परदेशी प्राणी ज्याच्यापाशीं असेल त्यानें त्याची सरकारदरबारीं नोंद करावयाची असते; त्याची पैदास, मृत्यु व हस्तांतर हींही कळवावयाचीं असतात. दुकानदार ‘कागदांची कांहीं जरूर नाहीं’ म्हणूं लागला, तर तेथून उठावें हें उत्तम.

कागदपत्र यथास्थित असले तरीही खरेदीपूर्वीं सर्व मंडळींनीं एकत्र बसून पांच प्रश्नांचीं उत्तरें द्यावींत. हा प्राणी पूर्ण वाढल्यावर केवढा होईल? किती वर्षें जगेल? खाईल काय? त्यास ऊब व प्रकाश कसा पुरवाल? आणि मुलगा परगांवीं गेल्यावर त्याचें कोण करील?

उदाहरणच घ्यावयाचें तर हिरवा इग्वाना घ्या. तो पालेभाजी खातो, म्हणून आपल्या घरांत खपून जाईल असें वाटतें. पण शेंपटीसह तो पांच-सहा फुटांचा होतो, त्याला पेटी नव्हे, खोली लागते. बॉल अजगर शांत स्वभावाचा खरा, परंतु त्याचें अन्न उंदीर, आणि आयुष्य वीस वर्षांहून अधिक. बिबट्यासारखे ठिपके असलेली ‘लेपर्ड गेको’ नांवाची पाल त्यांतल्या त्यांत आटोपशीर: नऊ-दहा इंच लांब, रात्रीं हिंडणारी. पण तीही पंधरा वर्षें जगते आणि तिला जिवंत किडे लागतात. देवघराशेजारीं रातकिड्यांचे डबे ठेवण्यास सासूबाईंची संमति आहे काय? या सर्व प्राण्यांचें शरीर आपल्यासारखी ऊब स्वतः निर्माण करीत नाहीं. पेटीचा एक कोपरा उबदार व दुसरा थंड राखावा लागतो. तसें न केल्यास खाल्लेलें अन्नही पचत नाहीं. दिवसां हिंडणाऱ्या कांसवासरड्यांना सूर्यकिरणांतील अतिनील प्रकाश न मिळाला तर हाडें व कवच मऊ पडतें. आणि हा प्रकाश कांचेंतून आंत येत नाहीं. बेडकाची तर त्वचाच पाणी पिते. साबणाच्या किंवा मिठाच्या हातानें त्याला उचलणें म्हणजे विष चोळण्यासारखें आहे. पांचांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर अडखळत आलें, तर प्राणी आणूं नये.

यावर मुलगा रडवेला होईल हें आम्ही जाणतों. दिलेलें वचन मोडावें असें आम्ही सांगत नाहीं. तें निराळ्या रीतीनें पाळावें, एवढेंच म्हणतों. परसांत सावलीच्या जागीं एक उथळ हौद बांधावा किंवा जुनी दगडी कुंडी जमिनींत अर्धी पुरावी. एका बाजूस दगडांचा उतार ठेवावा, म्हणजे बेडकांस बाहेर पडतां येईल. कडेला अळू, कर्दळ व नेचे लावावेत आणि थोडी पानें कुजूं द्यावींत. साबणाचें पाणी व कीटकनाशक तेथें पडूं देऊं नये. आठवड्यांतून एकदां डांसांच्या अळ्या पाहून त्या गाळणीनें काढाव्यात. बाहेरून बेडूक, मासे कांहींच आणून सोडूं नयेत.

मृगाच्या पहिल्या पावसानंतर पाहुणे आपण होऊन येतात. मोठ्या बेडकांचे नर त्या दिवसांत पिवळेजर्द होतात. ज्यांच्या तंगड्यांचा परदेशीं व्यापार चाले आणि जो १९८७ सालीं सरकारनें बंद केला, तेच हे बेडूक. न्हाणीघराच्या भिंतीला चिकटून बसणारा झाडबेडूक पाण्यावर झुकलेल्या पानाशीं फेसाचें घरटें करतो, आणि त्यांतून पिलें टपटप हौदांत पडतात. पाय फुटून शेंपूट नाहींसें होईपर्यंत तीं रोज निरखावींत, वहींत तारखा टिपाव्यात. कोणत्याही पेटींत न दिसणारें हें प्रदर्शन आहे.

आणि मुलाला सरडाच हवा असेल, तर उन्हाळ्यांत त्याला साताऱ्यापलीकडील चाळकेवाडीच्या पठारावर न्यावें. तेथील नर सरडा दगडावर चढून गळ्याखालचा निळा, काळा व नारिंगी पंखा उघडतो. २०१६ सालीं शास्त्रज्ञांनीं त्यास नवीन जात ठरवून ‘सरडा सुपर्बा’ असें नांव दिलें. आपला मराठी शब्द त्यामुळें साऱ्या जगाच्या शास्त्रग्रंथांत गेला. त्याच पठारावर पवनचक्क्यांमुळें शिकारी पक्षी घटले व सरड्यांची संख्या वाढली, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. एक जीव हलविला कीं दुसऱ्याचें गणित बदलतें, हा धडा मुलाला तेथें उघड्या डोळ्यांनीं वाचतां येईल. टोपली घेऊन घाटावर जाण्यापूर्वीं आम्हीं तो वाचावयास हवा होता.

राहिली लक्ष्मीची गोष्ट. आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कांसव असतें. त्याला पाणी बदलावें लागत नाहीं आणि तें कोणाच्या नदींतून उचललेलें नसतें. भावोजींची श्रद्धा तेवढ्यावर भागावी.

शेवटीं एक सूचना. पत्रांत मामंजी कांहींच बोलत नाहींत असें लिहिलें आहे. त्यांना आज रात्रीं जेवणें झाल्यावर विचारावें. वाड्याच्या परसांत पूर्वीं हौद कोठें होता व पावसाळ्यांत तेथें कोण गात असे, हें कदाचित् त्यांना आठवत असेल.