मांडीवरचा नकाशा

गेल्या आठवड्यात मोताळा तालुक्यातल्या पिंपळगाव देवीला एक लग्न होतं. मुलाकडची मंडळी पुण्याची. वऱ्हाडाच्या बाकी गाड्या मुहूर्ताच्या आत पोचल्या, एक मात्र दिवेलागणीला ट्रॅक्टरमागे बांधून आली. तिच्यात नवरदेव नव्हता हे नशीब. नवरदेवाचे मामा होते. चालवणाऱ्यानं फोनमध्ये नुसतं 'पिंपळगाव' टाकलं आणि फोननं मुकाट्यानं खामगाव तालुक्यातलं पिंपळगाव राजा निवडलं. चूक ध्यानात आल्यावर गाडी वळवली, तर फोनमधल्या बाईनं सगळ्यात जवळची वाट काढून दिली. ती वाट म्हणजे बैलगाडीचं पांदण. आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडून गेलेला. काळी माती ओली झाली की चाकाचं काय करते हे कोथरूडच्या माणसाला कुठून ठाऊक असणार? बांधावरच्या शेतकऱ्यानं पहिला प्रश्न केला, "कोन्त्या पिंपळगावले चालले होते बाप्पा?" नेमका हाच प्रश्न फोननं सकाळी विचारायला हवा होता.

पंगतीत मग एकच सूर. "जीपीएसनं दगा दिला." मामा म्हणाले, व्याही म्हणाले, वाढप्यानंही जिलबी टाकता टाकता री ओढली. मला ताटावरून उठावंसं वाटलं. जीपीएसनं काडीचाही दगा दिला नव्हता. गाडी पांदणात रुतली होती आणि जीपीएस ती बरोबर पांदणातच दाखवत होतं.

या स्तंभाच्या जुन्या वाचकांना माझं हे तुणतुणं पाठ आहे, तरी पुन्हा वाजवतो. वीस हजार किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे तीसेक उपग्रह फिरताहेत. आत्ता किती वाजले आणि मी कुठे आहे, एवढंच ते सांगत राहतात. खालच्या रिसीव्हरला त्यांतले चार सापडले की संदेश यायला किती वेळ लागला यावरून तो स्वतःची जागा काढतो. त्याचं काम तिथं संपलं. त्याला रस्ता ठाऊक नाही, पूल ठाऊक नाही, मोताळा तर नाहीच नाही. मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांच्या संदेशात मुद्दाम गडबड करून ठेवत असे, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. ती गडबड बंद केली आणि गाडीत वापरण्याजोगी अचूकता जगाला एका रात्रीत फुकट मिळाली. शिवाय या सगळ्याला मोबाइलची रेंज लागत नाही. बोथ्याच्या घाटात "रेंज गेली, आता जीपीएस बंद" असं छातीठोक सांगणारे इंजिनिअर मी पाहिलेत. घाटात जीपीएस जात नाही, नकाशा जातो. कारण तो फोनमध्ये कधी नव्हताच, तुकड्या-तुकड्यानं नेटवरून येत होता.

फोनच्या आधी आम्ही गाडीत लॅपटॉपवर नकाशा लावून फिरायचो. त्या काळात जीपीएस आणि नकाशा यांचा असा घोळ होणं शक्यच नव्हतं. तिथं रिसीव्हर वेगळा आणि नकाशा वेगळा, हे हाताला कळायचं. रिसीव्हर म्हणजे खाली लोहचुंबक असलेली काळी डबी. ती टपावर चिकटवायची, वायर दाराच्या रबरातून आत घ्यायची, यूएसबीत खुपसायची. मग कॉम पोर्टचा नंबर शोधायचा. काल तीन होता, आज भलत्या खाचेत लावलं म्हणून सात. नंबर जुळला की पडद्यावर डॉलरच्या चिन्हानं सुरू होणाऱ्या ओळी धावू लागायच्या, दर सेकंदाला नवा जथा. वेळ, अक्षांश, रेखांश, किती उपग्रह दिसताहेत, सगळं साध्या डोळ्यांनी वाचता येईल असं. थंडीच्या दिवसांत सकाळी बुलढाण्याच्या स्टँडसमोर गाडी उभी करून त्या ओळींत शून्याचे चार उपग्रह होईपर्यंत चहा व्हायचा. नकाशा सीडीवरून आधीच हार्ड डिस्कवर चढवलेला. ओळी वरून येत, नकाशा आपल्या घरचा असे. म्हणून घाटात शिरलो तरी पडद्यावरचा बाण थांबत नसे.

त्या नकाशाची मी खोटी तारीफ करणार नाही. मुंबई-पुण्याच्या गल्ल्या त्यात होत्या. बुलढाणा जिल्हा म्हणजे मलकापूर-नांदुरा-खामगावची एक जाड रेघ, घाटावर जाणाऱ्या दोन-तीन बारीक रेघा आणि लोणारचा निळा ठिपका. उरलेला जिल्हा कोरा. त्यामुळे आम्हीच तो भरायचो. गाडी चालली की मागे ठिपक्यांची माळ उमटे. ती साठवायची, तिला नाव द्यायचं, पुढच्या वेळी तोच रस्ता. ज्यांनी भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट स्कॅन करून त्यावर आपली माळ टाकून पाहिली असेल त्यांना आठवेल, गाडी रस्त्याला समांतर, शंभर मीटरच्या आसपास बाजूनं धावताना दिसायची. कागदाचा पाया एव्हरेस्ट साहेबाच्या १८३० च्या पृथ्वीच्या मापावर, उपग्रहांचा १९८४ च्या मापावर. दोन्हींचं गणित जुळवून दिलं की गाडी रस्त्यावर येई. आज हे कोणाला सांगायला गेलं तर तो घड्याळ बघतो.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. लॅपटॉपचा सगळ्यात मोठा दोष हाच त्याचा गुण होता: तो चालवणाऱ्याला वापरता येत नव्हता. सुकाणूवर ठेवता येत नाही, डॅशबोर्डवर उभा राहत नाही, उन्हात पडदा दिसत नाही. तो शेजारच्याच्या मांडीवरच जाणार. ट्रकवर ड्रायव्हरसोबत किन्नर, म्हणजे क्लीनर, असतो तसा या गाडीतही एक किन्नर आपोआप नेमला जायचा. हमरस्त्यावर ट्रक ज्यांनी जवळून पाहिलेत त्यांना किन्नराची किंमत सांगायला नको. तो नुसती काच पुसत नाही. घाटात मागं बघतो, अरुंद पुलावर उतरून हात दाखवतो, फाट्यावर टपरीवाल्याला विचारतो, ड्रायव्हरचा डोळा लागू नये म्हणून बडबडतो. रस्ता बघायला एक माणूस आणि रस्ता शोधायला दुसरा, ही विभागणी ट्रकवाल्यांनी कुठल्या संस्थेत शिकून केलेली नाही.

आमचा किन्नर म्हणजे माझा मेहुणा. मांडीवर गमछ्याची घडी, त्यावर लॅपटॉप, कारण तासाभरात खालून चटका बसायचा. बॅटरी चिखलीपर्यंतसुद्धा तगत नसे, म्हणून सिगारेट लायटरच्या भोकातून इन्व्हर्टर, आणि त्याच्या पंख्याची घरघर. मधूनच तो ओरडे, "भाऊजी, पुढं देऊळगावचा फाटा!" मी विचारी, "कोणत्या देऊळगावचा?" मग तो पडद्यावर मागं-पुढं करून बघे. देऊळगाव राजा, देऊळगाव मही, मेहकराकडचं देऊळगाव साकर्शा. आपला जिल्हाच असा आहे. पिंपळगावं तर मोजू नयेत, आणि जळगाव म्हटलं की जामोदचं की खान्देशातलं, हे विचारल्याशिवाय एसटीचा कंडक्टरही तिकीट फाडत नाही. मेहुणा बरोबर सांगे असं नाही. पण त्याच्या पडद्यावर पंधरा इंचात अख्खा तालुका पसरलेला असायचा: नदी कुठं, घाट कुठं, पुढचं मोठं गाव कोणतं. त्यातून दोघांचा वाद व्हायचा आणि वादातून रस्ता निघायचा.

फोन वाद घालत नाही. तो चालवणाऱ्याच्या नाकासमोर चिकटलेला असतो, एक निळी रेघ दाखवतो आणि दोनशे मीटरवर उजवीकडे वळायला सांगतो. उजवीकडे काय आहे हे सांगत नाही. शेजारी बसलेला माणूस दुसऱ्या फोनवर रील बघत असतो. मामांच्या गाडीत चौघं होते, चौघांकडे फोन होते, आणि पिंपळगाव राजाची पाटी एकालाही दिसली नाही. या पाट्यांबद्दल मी मागे लिहिलं तेव्हा एका वाचकानं कळवलं होतं की पाट्यांचा जमाना संपला. त्या वाचकानं या मामांना एकदा भेटावं.

कायदाही या बाबतीत गमतीदार आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाडी चालवताना हातातला फोन वापरायला मुभा आहे ती फक्त रस्ता बघण्यासाठी, आणि तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. लक्ष विचलित न होता पडदा कसा बघतात, हे नियम लिहिणाऱ्यानं एकदा राजूर घाटात करून दाखवावं. मांडीवरच्या लॅपटॉपला असल्या मुभेची गरजच नव्हती.

आता, जुना नकाशा शिळा होतो हे मलाही दिसतं. तोच लॅपटॉप घेऊन आज समृद्धी महामार्गावर गेलं तर मेहकर ते सिंदखेड राजा बाण ताशी १२० च्या वेगानं सोयाबीनच्या शेतांतून उडत जाईल. महामार्ग सहा कागदोपत्री त्रेपन्न होऊन वर्षं लोटली, जुन्या सीडीवर तो सहाच आहे. आपल्या तोंडीही तो सहाच आहे, ते सोडा. नवं काही बांधलं की फोनला लवकर कळतं, हे मान्य. फक्त एका बाबतीत दोन्ही नकाशांचं एकमत आहे: खामगाव-जालना रेल्वे दोन्हींवर नाही. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत कापसासाठी रूळ आले आणि तिथेच थांबले. पुढची मागणी शंभर वर्षांहून जुनी, सर्वेक्षणं इतकी की त्या पट्ट्यात रूळ सोडून सगळं मोजून झालंय. नाही, विषय बदलत नाही. नकाशावर रेघ मारणं आणि त्या रेघेवरून जाता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मामांच्या गाडीचं दुखणं तेच होतं.

पांदण रस्ता नाही असं नाही. भूमी अभिलेखच्या गावनकाशात तो असतोच, पण तलाठ्याला, कोतवालाला, गावातल्या पोराला तो बैलगाडीचा म्हणून ठाऊक असतो. वरून काढलेल्या छायाचित्रात मार्चमधलं वाळलेलं पांदण आणि मुरमाचा रस्ता सारखेच दिसतात. फोनचा हिशेब अंतराचा आणि वेळेचा असतो; त्याला माती कळत नाही. म्हणून तो सव्वा किलोमीटर वाचवतो आणि ट्रॅक्टर बोलवायला लावतो.

जागा कळणं आणि वाट कळणं यांतलं अंतर बघायचं तर आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आलेल्या एका पाहुण्याकडे बघावं. यवतमाळच्या टिपेश्वरमधला तरुण वाघ, गळ्यात भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी घातलेला जीपीएसचा पट्टा. जून २०१९ मध्ये निघाला, तेलंगणात शिरून परत आला, शेतं, ओढे, महामार्ग ओलांडत तेराशे किलोमीटर चालला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्या जिल्ह्यात येऊन थांबला. पट्ट्यातून तो कुठं आहे हे ठिपक्या-ठिपक्यानं कळत होतं ते माणसांना. वाट मात्र तो स्वतः बघून काढत होता, बहुतेक रात्री, आणि गावं टाळून. त्याला कोणी दोनशे मीटरवर उजवीकडे वळायला सांगितलं असतं तर तो ज्ञानगंगेत पोचला असता असं मला वाटत नाही. याला पुरावा नाही, पण माझं मत पक्कं आहे.

सगळ्यांनी पुन्हा इन्व्हर्टर विकत घ्यावा असं मी म्हणत नाही. लॅपटॉपनं जे सक्तीनं करून घेतलं ते फोनवर मर्जीनं करता येतं. निघण्याआधी घरच्या वायफायवर अख्खा जिल्हा फोनमध्ये उतरवून ठेवा, म्हणजे घाटात रेंजची आळवणी नको. फोन चालवणाऱ्यासमोरून काढा, शेजारच्याच्या हातात द्या, आणि शेजारच्यानं रील बंद करून किन्नर व्हावं. फाट्यावर काच खाली करून विचारायला कमीपणा मानू नये.

आणि ज्यांच्या माळ्यावर ती काळी डबी पडून असेल त्यांनी ती भंगारात टाकू नये. डॉलरवाल्या ओळींची भाषा १९८३ मध्ये ठरलेली आहे, आजचा लॅपटॉपही ती वाचतो. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा फुकट उतरवता येतो, आणि त्यात कोणीही भर घालू शकतो. रस्ता डांबरी, मुरमाचा की मातीचा, हेही त्यात नोंदवायची सोय आहे. आपल्या तेरा तालुक्यांतली पांदणं पांदण म्हणून नोंदवायला बाहेरून कोणी येणार नाही. दहावी-बारावीची पोरं उन्हाळ्यात मोकळीच असतात. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी आपल्या तालुक्याचं नाव टाकून या दैनिकाच्या पत्त्यावर पत्र पाठवावं. मोताळ्याला आधी हात घालू.